कोहेरन्स : आठ माणसं, एक जेवण आणि नको तेवढी घरं

पोफळी

जेम्स वॉर्ड बर्किटचा 'कोहेरन्स' (२०१३) बघितलेले इथे बरेच निघतील, पण त्यावर स्वतंत्र धागा दिसला नाही म्हणून काढतेय. ज्यांनी बघितला नाही त्यांनी मधल्या चांदण्यांपाशी थांबा. त्याच्या खाली सगळं फोडलंय आणि प्रतिसादांतही फुटणारच.

सांगाडा एवढाच. कॅलिफोर्नियातल्या एका घरी चार जोडपी रात्रीच्या जेवणाला जमली आहेत. आकाशातून एक धूमकेतू जातोय. फोनच्या काचा आपोआप तडकतात, नेटवर्क जातं, पाठोपाठ वीज जाते. अख्खी वस्ती काळोखात आणि थोड्या अंतरावर एकच घर उजळलेलं. ह्यू आणि अमीर फोन करायला तिकडे जातात. परततात तेव्हा ह्यूच्या कपाळावर जखम असते, हातात कुठलीशी पेटी असते, आणि त्या घराच्या खिडकीतून काय दिसलं ते सांगायला दोघं तयार नसतात.

हा सिनेमा कसा बनला ते माहीत असेल तर बघायला जास्त मजा येते. बर्किटनं त्याआधी 'रँगो'च्या कथेवर काम केलं होतं, म्हणजे मोठ्या बजेटची दुनिया त्याला नवी नव्हती. इथे मात्र त्यानं सँटा मोनिकातलं स्वतःचं घर घेतलं, पाच रात्री शूटिंग केलं, खर्च सुमारे ५० हजार डॉलर. नटांना पटकथा दिलीच नव्हती. रोज ज्याला त्याला फक्त आपापल्या पात्रापुरती टिपणं: आज हे सांग, हे लपव, यावर चिड. समोरच्याच्या कागदावर काय आहे ते ठाऊक नाही. अमीरचं काम करणारा अॅलेक्स मनुजियन कथेतही भागीदार होता, त्यामुळे गाडी रुळावर ठेवायला आतला एक माणूस होता.

याचा परिणाम पहिल्या पंधरा मिनिटांत दिसतो. कुणीही पटकथेतल्यासारखं बोलत नाही. एकमेकांचं तोडतात, विनोद फसतात, जुन्या प्रेयसीचं नाव निघाल्यावर टेबलावरची हवा बदलते. केविनची जुनी मैत्रीण लॉरी अमीरबरोबर आली आहे, केविनची आताची मैत्रीण एम ते गिळून बसली आहे, माइकचं दारूचं जुनं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी काढत नाही. विज्ञानकथा अजून सुरूही झालेली नसते आणि आपल्याला अवघडायला लागलेलं असतं.

\* \* \*

आता फोडते. ते उजळलेलं घर यांचंच आहे. तिथेही हीच आठ माणसं जेवताहेत. मधल्या अंधारातून जो जातो तो परतताना आपल्याच घरी येईल याची खात्री नाही.

मला सिनेमाची खरी ताकद वाटली ती वस्तूंत. यांच्या हातातल्या चमकत्या कांड्या निळ्या, समोरून येणाऱ्यांच्या लाल. कपाळावरची पट्टी आधी एक होती, आता वेगळीच. फोटोंच्या मागे फाशानं काढलेले आकडे. कुणी काही समजावून सांगायच्या आधी वस्तू डोळ्यांसमोरून गेलेली असते, आपणच तिच्याकडे बघितलेलं नसतं. रहस्यपट म्हणून हा अत्यंत प्रामाणिक खेळ आहे. दुसऱ्यांदा बघताना एकही पत्ता बाहीतून काढलेला सापडत नाही.

तक्रार माझी एमबद्दल आहे. शेवटी ती घराघरांच्या खिडक्यांतून डोकावत फिरते, जिथे सगळं सुरळीत चाललंय असं घर निवडते, तिथल्या एमला बाजूला सारते आणि तिची जागा घेते. कल्पना जबरदस्त! पण आतापर्यंत समंजस, थोडी भित्री दिसलेली बाई एवढ्या थराला जाते, तो प्रवास मला दिसला नाही, नुसता कळला. कोडं घट्ट विणलंय आणि ज्या माणसावर शेवट उभा आहे तो माणूस सैल राहिलाय. बाकीच्या सातांचं तर शेवटच्या वीस मिनिटांत दिग्दर्शकाला काही पडलेलंच नाही.

आणि ह्यूच्या भौतिकशास्त्रज्ञ भावाचं पुस्तक नेमकं त्याच रात्री गाडीत असणं! सोय बघायची ती किती.

शेवटचा_बाक

सबटायटल लावल्याशिवाय बघू नका रे कुणी. चार जण एकदम बोलतात आणि त्यातलंच एखादं वाक्य महत्त्वाचं निघतं. हेडफोन असेल तर उत्तम.

मीठभाकर

मला नाही झेपला. नाही म्हणजे समजला, आवडला नाही. कॅमेरा सतत हलतोय, फोकस जातोय येतोय, मध्येच पडदा काळा. बजेट कमी म्हणून सगळं माफ का? आणि माणसं इतकी बिनडोक कशी? बाहेर काहीतरी भयंकर आहे हे कळल्यावर शहाणा माणूस दार लावून बसेल. हे दर पाच मिनिटांनी "मी जरा बघून येतो" करत निघतात. दीड तासाच्या आत संपतो म्हणून शेवटपर्यंत बघितला.

पोफळी

मीठभाकर, काळ्या पडद्याचं मला पटतं, सुरुवातीला त्रास झाला. पण ते कट कुठे येतात ते बघा. काळ्यानंतर आपण नेमक्या त्याच घरात परतलोय का, हा प्रश्न प्रेक्षकालाही पडावा अशी सोय आहे ती. फोकसचं समर्थन नाही करणार, तिथे नाइलाजच दिसतो.

तिसरी_घंटा

नाटकवाला असल्यानं माझा जीव त्या टिपणांत अडकला. एका नेपथ्यात, कमी पैशांत, आठ पात्रं: आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांना हे गणित नवं नाही. पण आपण तालमीत उत्स्फूर्त खेळ करतो, त्यातलं चांगलं तेवढं उचलतो आणि मग संहिता बांधतो. इथे तालीमच चित्रित केली आहे.

त्याचा फायदा पोफळीताईंनी सांगितलाच. तोटाही तिथेच आहे आणि त्यांची एमबद्दलची तक्रार त्या तोट्यातूनच येते. घाबरणं, दचकणं, खोटं पकडलं जाणं या गोष्टी नटाला न सांगता जास्त खऱ्या येतात, कारण त्या क्षणाच्या असतात. हळूहळू सडत जाणारं मन क्षणाचं नसतं. पहिल्या अंकात पाण्याचा ग्लास कसा उचलायचा हे तिसऱ्या अंकात काय करायचंय यावर ठरतं. रोज त्या दिवसापुरता कागद मिळत असेल तर नट हे पेरणार कधी? म्हणून प्रतिक्रिया अव्वल आणि परिवर्तन कच्चं. अभिनेत्रीला मी दोष देणार नाही, पद्धतीची ती किंमत आहे.

अवांतर: माइकच्या बायकोचं, लीचं काम करणारी लोरीन स्कफारिया स्वतः दिग्दर्शिका आहे, पुढे 'हसलर्स' (२०१९) तिनं केला. ती इथे बहुतेक वेळ नुसती ऐकत असते आणि ते ऐकणं बघण्यासारखं आहे.

दुपारची_झोप

थांबा थांबा. एमचं पेरलेलं नाही असं कसं म्हणता? जेवणाच्या टेबलावर तिची गोष्ट निघते ना! ती नर्तकी. जो कार्यक्रम तिनं स्वतः उभा केला त्यात मुख्य भूमिका दुसरीला गेली. हिला राखीव नर्तकी म्हणून उभं राहायला सांगितलं, हिनं मानानं नाही म्हटलं, आणि पुढे सगळं नाव त्या दुसरीचं झालं. केविनबरोबर व्हिएतनामला जायचं की नाही, तिथेही ही उत्तर देत नाही. म्हणजे आयुष्यात दोन ठिकाणी दार उघडं होतं आणि ही उंबऱ्यावर उभी राहिली.

त्या रात्री तिला कळतं की निर्णय घेतलेल्या एमही आहेत आणि त्या समोरच्याच घरात बसल्या आहेत. मग ती पहिल्यांदा निर्णय घेते. भयानक घेते, पण घेते. मला तर तिचं वागणं सगळ्यांत तर्कशुद्ध वाटलं. माइक बघा, तोही स्वतःलाच ब्लॅकमेल करायची चिठ्ठी लिहून बसतो. ह्यूच्या बायकोबरोबरचं, बेथबरोबरचं जुनं लफडं उघड करीन म्हणून धमकी, आणि तीही स्वतःला! तो दारूत जे करतो ते ती शुद्धीत करते, एवढाच फरक.

पोफळी

दुपारची_झोप, गोष्ट पेरली आहे हे मान्यच आहे. पण ती गोष्ट सांगणं झालं. राखीव नर्तकी हा धागा इतका नेमका, इतका सुबक आहे की मला त्यात लेखक दिसतो, बाई दिसत नाही. बाकीची सगळी संभाषणं विस्कटलेली आणि ही एकच घोटून बसवलेली. तिसरी_घंटा म्हणतात ते मला जास्त पटतंय.

कण_की_तरंग

भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंजरनं पेटीतल्या मांजराचा कल्पित प्रयोग १९३५ मध्ये मांडला तो खरं म्हणजे चेष्टेसाठी. क्वांटम सिद्धांताचं समीकरण शब्दशः घेतलं तर जिवंत आणि मेलेलं मांजर एकाच वेळी धरावं लागतं, किती हास्यास्पद आहे बघा, असा त्याचा सूर होता. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञानं (सिनेमातला ह्यू नव्हे) उलट म्हटलं: समीकरण शब्दशःच घ्या. दोन्ही मांजरं आहेत, आणि त्यांना बघणारे तुम्हीही दोन आहात. मग आपल्याला दुसरा 'मी' कधीच का भेटत नाही? याचं उत्तर पुढे डीकोहेरन्समधून आलं. १९७० च्या सुमारास झेह आणि नंतर झुरेक यांनी ते उलगडलं. कुठलीही मोठी वस्तू एकटी नसते. हवेचे रेणू, प्रकाशाचे कण तिच्यावर सतत आदळतात आणि तिची माहिती चहूकडे घेऊन जातात. धुळीच्या कणाच्या बाबतीतही हे इतक्या चटकन होतं की दोन शक्यतांना एकमेकींशी पुन्हा काही देवाणघेवाण करायला वावच उरत नाही. शाखा फुटल्या त्या फुटल्या.

सिनेमा म्हणतो की धूमकेतूमुळे शाखांमधलं हे कुंपण काही तासांसाठी पडलं. यात चूक अशी की कुंपण म्हणून वेगळं काही नसतंच, जे पाडता येईल. दोन घरं पुन्हा जोडायची तर प्रत्येक रेणूनं नेलेली माहिती गोळा करून आणावी लागेल. धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि थोडे वायू. हॅलेचं केंद्रक जेमतेम पंधरा किलोमीटर लांब. १९१० च्या मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटीतून गेली, लोकांनी विषारी वायूच्या भीतीनं 'धूमकेतूच्या गोळ्या' विकत घेतल्या, आणि झालं काहीही नाही. टेबलावर तुंगुस्काचा उल्लेख येतो तो खरा. ३० जून १९०८, सैबेरियात दोनेक हजार चौरस किलोमीटरवरची झाडं आडवी झाली. पण ते स्फोटानं, शाखा मिसळून नव्हे.

एवढं असूनही सिनेमाला मी नापास करणार नाही. धूमकेतू फक्त दार उघडायला आणलाय. दार उघडल्यावर आतले नियम मात्र सिनेमा शेवटपर्यंत पाळतो: अंधारातून गेलात की घर बदलतं, परतीची हमी नाही, प्रत्येक घराची रात्र थोडी वेगळी. एकदा घालून दिलेला नियम मोडायचा नाही, ही शिस्त भल्याभल्या चित्रपटांना जमत नाही. खटकलं ते पुस्तक वाचून दाखवणं. न कळणाऱ्या माणसांनी न कळणारं मोठ्यानं वाचायचं आणि प्रेक्षकाला कळलं म्हणायचं!

घाटावरचा

हे सगळं वाचताना 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवल्याशिवाय कसं राहील? नारळीकरांच्या या कथेत प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंड्यांना अपघात होतो आणि ते अशा मुंबईत पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून ते इतिहास नेमका कुठे वळला ते शोधतात. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली, तेवढ्यानं सगळं पालटलं. आणि परत आल्यावर पुरावा काय, तर खिशात राहिलेलं बखरीचं फाटकं पान.

'कोहेरन्स'मध्ये शेवटी न्हाणीघरात सापडलेली एमची अंगठी जे काम करते तेच ते पान करतं. दोन जगांत साक्ष द्यायला वस्तूच लागते, माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? फरक असा की गंगाधरपंत दुसऱ्या जगात पाहुणे म्हणून फिरतात, तिथे दुसरे गंगाधरपंत भेटत नाहीत. त्यामुळे कुतूहल राहतं, भीती येत नाही.

मीठभाकर

घाटावरचे, ती कथा मला आवडली होती. कारण गायतोंडे डोकं वापरतात! ग्रंथालयात जाऊन पुस्तकं काढतात. हे लोक ग्लास फोडतात.

रोख_ठोक

फाशाचं कुणी बोललं नाही म्हणून. आठ फोटो, प्रत्येकामागे १ ते ६ पैकी एक आकडा. एकूण रचना ६ चा आठवा घात, म्हणजे १६,७९,६१६. वर पेटीत प्रत्येक घराची एक वेगळीच वस्तू. यांच्याकडे येते त्या पेटीत टेबल टेनिसची बॅट. खुणेची पद्धत म्हणून अगदी चोख, योगायोगानं दोन घरांची खूण जुळणं जवळजवळ अशक्य.

पण या खुणेनं फक्त घर ओळखता येतं. आपण मूळ कुठल्या घरचे हे कळायला आपले आकडे डोक्यात पक्के हवेत, आणि ते लिहिलेत कुठे, तर घरात. चुकलेल्या माणसाच्या खिशात काहीच नाही. मनगटावर पेनानं आकडे लिहिले असते तर अर्धा सिनेमा वाचला असता. मला ही त्रुटी वाटत नाही, उलट घाबरलेली माणसं अशीच अर्धवट हुशारी करतात. मीठभाकर रागावतील.

मीठभाकर

रागावलोच आहे. पण माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. घरात बसून का राहत नाहीत?

दुपारची_झोप

अहो, सिनेमानंच दिलंय की! एम शेवटी जे सुखी घर निवडते ते कुठलं? ज्या घरातून कुणी बाहेरच पडलं नाही ते. तिथे जखम नाही, पेटी नाही, चिठ्ठी नाही, टेबलावर हसणं चाललंय. तुम्ही म्हणता तसे शहाणे लोक. आणि त्यांची गत काय होते? बाहेरून दुसरी कुणीतरी येऊन गाडीची काच फोडते आणि त्यांना बाहेर काढते.

मीठभाकर

हम्म. हे मी असं बघितलं नव्हतं. तरी कॅमेऱ्याला माफी नाही.

ओटीवरची

लॉरीबद्दल कुणीच नाही लिहिलं? पोफळी, तुझी एमबद्दलची तक्रार मला लॉरीबद्दल दसपट आहे. नटूनथटून आलेली, दुसऱ्याच्या जोडीदारावर डोळा ठेवणारी जुनी मैत्रीण, बस. बेथ फेंगशुई करते आणि पर्समध्ये केटामाइनच्या बाटल्या बाळगते, झाली व्यक्तिरेखा. पुरुषांना निदान गुपितं आणि अपराधभाव दिलाय: माइकची दारू, पडक्या कारकिर्दीची खंत, ह्यूचा मोठेपणा. बायकांना हेवा दिला. शेवटी एकीला हेव्यापायी खुनाच्या काठावर नेऊन बसवलं, आणि आपण त्याला 'तर्कशुद्ध' म्हणतोय.

माइक म्हणतो की आपण अमुक मालिकेत होतो आणि लॉरी म्हणते ती मालिका मी बघायचे, तू त्यात आठवत नाहीस. हा प्रसंग मात्र झकास. तेव्हा तो निव्वळ अपमान वाटतो. नंतर शंका येते, ही लॉरी याच घरची आहे ना?

तिसरी_घंटा

ओटीवरची, हेव्याचा मुद्दा बिनतोड. पण मालिकेचा प्रसंग अगदी सुरुवातीचा आहे, त्यामुळे ती याच घरची असणार असं आपण धरून चालतो. गंमत अशी की सिनेमा ते कुठेही पक्कं करत नाही.

शेवटचा_बाक

आता खरं भांडण काढतो. डिकीतली एम आणि न्हाणीघरातली एम एकच की दोन?

आपली एम तिथल्या एमला गाठते, बेशुद्ध करते, गाडीच्या डिकीत टाकते. आत येते. न्हाणीघरात पुन्हा एक एम समोर! तिला मारून टबमध्ये टाकते. सकाळी केविन म्हणतो तुझी अंगठी न्हाणीघरात सापडली, आणि हिच्या बोटात अंगठी आहेच. तेवढ्यात केविनचा फोन वाजतो, पलीकडून एम. तो फोन उचलून हिच्याकडे बघतो आणि सिनेमा संपतो.

रोख_ठोक

एकच. डिकीतून सुटून घरात आली, आणखी काय?

शेवटचा_बाक

मग फोन कुणी केला?

रोख_ठोक

तिनंच. ती मेली नाही, रात्री टबमधून निघून बाहेर गेली.

कण_की_तरंग

तसं असेल तर रात्रीतून बाहेर पडून सकाळपर्यंत ती गप्प का बसली? धूमकेतू गेलाय, अंधारातली वाट बंद झाली आहे, म्हणजे ती दुसऱ्या घरात हरवू शकत नाही. स्वतःच्या घराचं दार ठोठवायला काय हरकत होती? न्हाणीघरातली बाई अंधार सरायच्या आधीच दुसऱ्या एखाद्या घरातून आली होती, आपल्या एमसारखीच जागा शोधत, असं धरलं तर जास्त जुळतं. फोन डिकीतलीचा, अंगठी तिसरीची.

पोफळी

पण मग एक राहतं. तिसरी आपल्यासारखीच जागा शोधत आली असेल, तर तिनंही तिच्या वाटेवर कुणाला तरी डिकीत घातलं असणार. आणि आपली एम ज्या घरातून निघाली, तिथल्या केविनला सकाळी कोण दिसलं?